घोड्याला जुलाब होतात तेव्हा: कारणं, धोक्याच्या खुणा आणि उपचार

पावसाळ्यात कोवळं गवत खाल्लं की गाई-म्हशींचं शेण पातळ होतं. गोठ्यात त्याची फारशी दखल कुणी घेत नाही आणि चार दिवसांत सगळं पूर्ववत होतं. घोड्याच्या बाबतीत हा अंदाज चुकू शकतो. रात्री नेहमीसारखी चंदी खाऊन उभा असलेला घोडा सकाळी पाण्यासारखं हगत असेल, शेपूट आणि मागची भिंत माखलेली असेल, तर हातात काही तासच असतात. तीव्र जुलाबात धडधाकट घोडाही एक-दोन दिवसांत दगावतो. नुकत्याच जन्मलेल्या शिंगराला तर एवढाही वेळ मिळत नाही.

२०१९ च्या पशुगणनेनुसार भारतात घोडे आणि तट्टू मिळून साधारण ३ लाख ४० हजार आहेत. २०१२ च्या तुलनेत ही संख्या जवळपास ४५ टक्क्यांनी घटली. महाराष्ट्रात आजही घोड्यावर घर चालतं ते माथेरान आणि महाबळेश्वरला पर्यटक फिरवणाऱ्यांचं, वराती काढणाऱ्यांचं, सारंगखेड्यासारख्या बाजारात घोड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्यांचं. पुण्याच्या आसपास शर्यतीच्या घोड्यांचे स्टड फार्म आहेत, तिथे डॉक्टर दिमतीला असतात. बाकीच्यांच्या वाट्याला येतो तो दिवसभर गाई-म्हशी तपासणारा डॉक्टर, आणि तो येईपर्यंत औषधाच्या दुकानातून आणलेली गोळी. ही गोळीच कधीकधी आजारापेक्षा महागात पडते. ती का, हे कळण्यासाठी आधी घोड्याचं पोट समजून घ्यावं लागतं.

घोड्याचं पोट वेगळं कसं?

घोडा गवत खातो, पण गाईसारखा रवंथ करत नाही. त्याचं जठर अंगाच्या मानाने लहान, जेमतेम ८ ते १५ लिटरचं. त्याला उलटीही करता येत नाही. एकदा आत गेलेलं पुढेच सरकतं. गवतातला चिवट भाग पचवण्याचं काम होतं ते थेट मागच्या टोकाला, म्हणजे अंधांत्र आणि मोठ्या आतड्यात. एकट्या अंधांत्रात ३० लिटरच्या आसपास ऐवज मावतो आणि मोठं आतडं त्याच्या दुपटीहून मोठं असतं. हे दोन्ही मिळून एक भलीमोठी आंबवण्याची टाकी आहे. तिच्यात अब्जावधी सूक्ष्मजीव गवत कुजवून घोड्याला ऊर्जा मिळवून देतात.

या टाकीचं दुसरं काम पाणी परत शोषून घेण्याचं. घोडा दिवसाला २५ ते ५० लिटर पाणी पितो. त्याशिवाय लाळ, जठरातले रस, आतड्यातले स्राव हे सगळं अन्नाबरोबर खाली येतं. पूर्ण वाढलेल्या घोड्यात हे सगळं पाणी दिवसाला १०० लिटरच्या घरात जातं. निरोगी घोड्यात त्यातलं बहुतेक मोठ्या आतड्यातून पुन्हा रक्तात जातं आणि बाहेर पडतात ते लिदीचे गोळे, दिवसातून ८ ते १२ वेळा. मोठ्या आतड्याचं अस्तर सुजलं की ही शोषणाची व्यवस्थाच कोलमडते. म्हणून मोठ्या घोड्याचे जुलाब म्हणजे जवळजवळ नेहमीच मोठ्या आतड्याचा आजार. काही घोडे दिवसभरात दहा-वीस नव्हे, त्याहून किती तरी जास्त लिटर पाणी गमावतात. त्याबरोबर सोडियम, पोटॅशियम आणि रक्तातली प्रथिनंही जातात.

पण पाणी जाणं हा निम्माच धोका. आतड्यातले काही जिवाणू मरताना विषारी घटक सोडतात. एरवी आतड्याचं अस्तर ते अडवून धरतं. अस्तराला इजा झाली की हे विष रक्तात उतरतं, आणि घोडा या विषाच्या बाबतीत फार नाजूक प्राणी आहे. हिरड्या लालभडक किंवा जांभळ्या पडतात, हृदय धडधडू लागतं, रक्तदाब कोसळतो. त्यातून वाचलाच तर कधीकधी दोन-तीन दिवसांनी खुरांच्या आतल्या थरांना सूज येते. तिला लॅमिनायटिस म्हणतात. जुलाब बरे झालेला घोडा पायांमुळे कायमचा अधू होतो तो याच कारणाने.

साधं काय आणि गंभीर काय?

प्रत्येक पातळ लीद म्हणजे संकट नाही. ट्रकमध्ये चढवलं, फटाके वाजले, वरातीत बँड सुरू झाला की घाबरट घोडे दोन-चार वेळा पातळ लीद टाकतात. पहिल्या पावसानंतर हिरवं गवत पोटभर मिळालं तरी तेच होतं. घोडा खातोय, पाणी पितोय, ताप नाही, डोळ्यांत चमक आहे, तर हिरवा चारा कमी करून सुकं गवत वाढवलं की एक-दोन दिवसांत लीद बांधून येते.

खाद्यातला अचानक बदल मात्र यापेक्षा गंभीर ठरू शकतो. आतड्यातल्या सूक्ष्मजीवांना नव्या खाद्याची सवय व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. कोंड्यावरून एकदम मक्यावर, सुक्या गवतावरून एकदम लसूणघासावर नेलं की जुनी वसाहत मरते आणि नको ते जिवाणू फोफावतात. मराठीत अडचणीच्या जागी घोडं पेंड खातं असं म्हणतात. इथे ते शब्दशः खरं आहे. घोड्याने रात्री सुटून धान्याचं पोतं फोडलं असेल, तर जुलाब सुरू होण्याची वाटच पाहायची नाही. एवढा पिष्टमय पदार्थ मागच्या टाकीत पोहोचला की लॅक्टिक आम्ल तयार होतं, आणि जुलाब, पोटशूळ व लॅमिनायटिस अशी तिन्ही संकटं पाठोपाठ येतात. घोडा वरून ठीक दिसत असतानाच डॉक्टरला बोलावलं तर यातलं बरंच टळतं. पर्यटक प्रेमाने भरवतात ते पाव, बिस्किटं आणि मंगल कार्यालयातली उरलेली मिठाई ही याच प्रकारात मोडते, फक्त प्रमाण कमी.

गंभीर जुलाबामागे कोण असतं?

पहिलं नाव साल्मोनेलाचं. हा जिवाणू काही निरोगी घोड्यांच्या आतड्यातही लपून असतो. लांबचा प्रवास, गर्दी, उपासमार, शस्त्रक्रिया अशा ताणाच्या प्रसंगी तो उचल खातो. दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला भरणाऱ्या यात्रेत अनेक राज्यांतून घोडे येतात. दोन-दोन दिवस ट्रकमध्ये उभं राहून आलेला घोडा आणि सगळ्यांसाठी एकच हौद, ही परिस्थिती साल्मोनेलाला हवी तशी असते. तिथून आणलेला नवा घोडा थेट जुन्या घोड्यांच्या शेजारी बांधण्याऐवजी दोन-तीन आठवडे वेगळा ठेवावा, असं पशुवैद्यक सांगतात ते म्हणूनच. साल्मोनेला माणसालाही होतो. तबेल्यात काम करणारा आणि त्याची लहान मुलं यांना त्याचा खरा धोका असतो.

दुसरा गट क्लॉस्ट्रिडियम जातीच्या जिवाणूंचा. हे बहुतेकदा डोकं वर काढतात ते प्रतिजैविकं दिल्यावर. जखमेसाठी किंवा खोकल्यासाठी दिलेलं प्रतिजैविक आतड्यातले उपयोगी सूक्ष्मजीवही मारतं आणि मोकळ्या झालेल्या जागेत हे शिरतात. लिंकोमायसिन आणि क्लिंडामायसिन ही माणसांना दिली जाणारी औषधं घोड्याला दिली तर जीवघेणे जुलाब होऊ शकतात. शिंगरांच्या न्यूमोनियासाठी एरिथ्रोमायसिन वापरतात. पण त्याचा थोडासा अंश शिंगराच्या आईच्या पोटात गेल्याने घोडीलाच तीव्र जुलाब झाल्याची उदाहरणं स्वीडनमध्ये नोंदली गेली आहेत. शिंगरू वाचलं आणि घोडी गेली, असा हा उलटा प्रकार.

तिसरं कारण जंत. आकाराने बारीक, पण संख्येने लाखोंनी असणाऱ्या सायथोस्टोम जातीच्या जंतांच्या अळ्या मोठ्या आतड्याच्या भिंतीत शिरून महिनोन् महिने निपचित राहतात. मग एकाच वेळी त्या भिंत फोडून बाहेर येतात. तरुण घोडा अचानक खंगू लागतो, जुलाब थांबत नाहीत, पोटाखाली सूज येते. गोंधळात टाकणारी गोष्ट अशी की या वेळी लिदीच्या तपासणीत जंतांची अंडी एकही न सापडण्याची शक्यता असते, कारण अळ्या अजून अंडी घालण्याच्या वयातच आलेल्या नसतात. ‘रिपोर्ट चांगला आहे, म्हणजे जंत नाहीत’ हा निष्कर्ष इथे फसवा ठरतो.

लंगडणाऱ्या घोड्याला दिलेली वेदनाशामकं हे कमी बोललं जाणारं कारण. फेनिलब्युटाझोनसारखं औषध जास्त मात्रेत किंवा जास्त दिवस दिलं, त्यात घोडा पाणी कमी पीत असला, तर मोठ्या आतड्याच्या एका ठरावीक भागात व्रण पडतात. घोडा कामावर उभा राहावा म्हणून रोज एक पुडी देणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

जमिनीवर टाकलेला चारा खाताना पोटात जाणारी वाळू आतड्याचं अस्तर घासत राहते. तिचा शोध घ्यायला प्रयोगशाळा लागत नाही. लिदीचे पाच-सहा गोळे पारदर्शक पिशवीत पाण्यात कालवून पंधरा-वीस मिनिटं टांगून ठेवले की वाळू तळाशी बसते. वाळू दिसली नाही म्हणून पोटात नाहीच असं नाही, पण दिसली तर ती आहे. यावरचा एक उपाय मराठी घरांत सगळ्यांच्या ओळखीचा आहे: इसबगोल. माणसाला एक-दोन चमचे पुरतात, घोड्याला वजनाच्या दर किलोमागे एक ग्रॅम, म्हणजे ४०० किलोच्या घोड्याला दिवसाला साधारण ४०० ग्रॅम. डॉक्टर ते मॅग्नेशियम सल्फेटबरोबर नाकातून जठरात घातलेल्या नळीने देतात, तेव्हा वाळू जास्त चांगली निघते.

विषबाधेची शक्यताही तपासावी लागते. रस्त्याकडेला आणि बंगल्यांच्या कुंपणाला लावलेली कण्हेर घोड्याला प्राणघातक आहे. तिच्यामुळे जुलाबाबरोबर हृदयाचे ठोके बिघडतात. एरंडाच्या बियांचं विष घोड्याला इतर जनावरांपेक्षा लवकर बाधतं. कोंबड्यांच्या किंवा गाईंच्या तयार खाद्यात कधीकधी मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गाईला चालणारं हे औषध घोड्याच्या हृदयाचे स्नायू निकामी करतं. उरलेलं कोंबडीखाद्य घोड्याच्या तोबऱ्यात घालणं म्हणूनच नको.

इंटरनेटवर शोधलं तर ‘पोटोमॅक हॉर्स फीव्हर’ हे नाव हमखास समोर येतं. १९७९ मध्ये अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या पोटोमॅक नदीकाठी हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला. नदीकाठचे किडे चाऱ्याबरोबर पोटात गेल्याने तो होतो आणि मुख्यतः उत्तर अमेरिकेत आढळतो. तिकडच्या सल्ल्यांमध्ये त्यावरच्या लसीचा आणि औषधाचा उल्लेख वाचून ते इथल्या घोड्याला लागू करण्यात अर्थ नाही. आणि एवढं सगळं तपासूनही बऱ्याच घोड्यांमध्ये नेमकं कारण शेवटपर्यंत सापडत नाही. उपचार त्यासाठी थांबवून ठेवता येत नाहीत.

शिंगराचा हिशेब वेगळा

शिंगराच्या जुलाबात पहिला प्रश्न विचारायचा तो वयाचा.

साधारण सहाव्या ते पंधराव्या दिवसाच्या दरम्यान बहुतेक शिंगरांची लीद पातळ होते. याच सुमारास व्यायलेली घोडी पुन्हा माजावर येते. त्यामुळे ‘माजाचं दूध बाधलं’ अशी समजूत जगभर आहे. पण आईविना वाढवलेल्या शिंगरांनाही याच वयात जुलाब होतात, त्यामुळे दूध यात दोषी ठरत नाही. शिंगराचं आतडं बदलत असतं, नवे सूक्ष्मजीव तिथे वसत असतात. शिंगरू आईची लीद चघळताना दिसतं तेही त्यासाठीच. त्याला हाकलायची गरज नाही. ते उड्या मारतंय, दूध पितंय, अंग गरम नाही, तर औषध नको. मागचा भाग कोमट पाण्याने धुऊन कोरडा करायचा आणि व्हॅसलिन लावायचं, नाहीतर कातडी सोलवटते आणि केस गळतात.

पहिल्या तीन-चार दिवसांतले जुलाब मात्र वेगळी गोष्ट आहे. माणसाच्या बाळाला आईकडून रोगप्रतिकारक द्रव्यं गर्भातच, वारेतून मिळतात. शिंगराला ती जवळजवळ काहीच मिळत नाहीत. त्याची सगळी भिस्त चिकावर असते. गाईच्या चिकाचा खरवस होतो, घोडीचा चीक मात्र थेंबभरही वाया जाता कामा नये. शिंगराचं आतडं ही द्रव्यं पहिल्या काही तासांत भराभर शोषतं, मग शोषण मंदावतं आणि २४ तासांत ते दार बंद होतं. त्यानंतर कितीही चीक पाजला तरी त्यातली द्रव्यं रक्तात जात नाहीत.

जगभरचे अश्ववैद्यक यासाठी एक, दोन, तीन असा सोपा हिशेब सांगतात: शिंगरू तासाभरात उभं राहावं, दोन तासांत त्याने दूध ओढावं आणि तीन तासांत घोडीचा जार पडावा. यातलं काही चुकलं तर फोन करायचा. १२ ते २४ तासांच्या दरम्यान शिंगराचं रक्त तपासून पुरेसा चीक पोहोचला का हे कळतं. डेसिलिटरमागे ८०० मिलिग्रॅमहून अधिक प्रतिपिंडं असतील तर चांगलं. कमी असतील तर घोड्याच्या रक्तातला प्लाझ्मा शिरेतून द्यावा लागतो. चीक न मिळालेल्या शिंगरात जिवाणू थेट रक्तात शिरतात आणि जुलाब हे त्या रक्तदोषाचं फक्त एक लक्षण असतं. सांधे सुजतात, बेंबी ओली राहते, शिंगरू झोपूनच राहतं. अशा वेळी प्रतिजैविकं लगेच सुरू करावी लागतात. मोठ्या घोड्यात जपून वापरायचं तेच औषध इथे जीव वाचवतं.

काही आठवड्यांपासून काही महिन्यांच्या शिंगरांत रोटाव्हायरस हे नेहमीचं कारण. एकाला झाला की तबेल्यातल्या सगळ्या शिंगरांत पसरतो. हा विषाणू लहान आतड्यातले बारीक उंचवटे खरवडून काढतो. दुधातली साखर तिथेच पचते, त्यामुळे प्यायलेलं दूध न पचता पुढे जातं आणि जुलाब आणखी वाढतात. विषाणूवर औषध नाही, पाणी-क्षार भरून काढत चार-सात दिवस शिंगराला टिकवून धरायचं असतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या केंटकीत अगदी लहान, आठवड्याच्या आतल्या शिंगरांत जुलाबाची लाट आली. तिच्यामागे घोड्यांत तोवर न दिसलेला ब गटातला रोटाव्हायरस निघाला. घोडीला गाभण असताना टोचायची जुनी लस अ गटातल्या विषाणूवरची होती, ती इथे कामाची नव्हती.

दूध तोडण्याच्या वयाच्या, म्हणजे चार ते सात महिन्यांच्या शिंगरात लॉसोनिया नावाचा जिवाणू, तर एक ते सहा महिन्यांच्या वयात ऱ्होडोकॉकस आढळतो. ऱ्होडोकॉकस मुख्यतः फुप्फुसाचा आजार, पण आतड्यालाही धरतो. दोन्हींवर नेमकी प्रतिजैविकं आहेत, फक्त निदान वेळेत व्हायला हवं.

शिंगरू आजारी आहे हे सगळ्यात आधी घोडीच्या कासेवरून कळतं. कास तटतटलेली, दूध ठिबकतंय, आणि शिंगराच्या कपाळावर-तोंडावर वाळलेल्या दुधाचे डाग दिसतायत, तर शिंगरू कासेखाली उभं राहतंय पण पीत नाही, असा त्याचा अर्थ. जुलाब सुरू व्हायच्या आधीही ही खूण दिसू शकते.

डॉक्टर येईपर्यंत

फोनवर डॉक्टरला उपयोगी पडतील अशा चार गोष्टी कुणालाही पाहता येतात. गुदद्वारातून घेतलेलं तापमान निरोगी घोड्यात ९९.५ ते १०१.३ फॅरनहाइट असतं. जबड्याच्या हाडाखाली बोट टेकवलं की नाडी लागते. मोठ्या घोड्यात ती मिनिटाला २८ ते ४४ असते आणि ६० च्या वर गेली तर प्रकरण गंभीर. (शिंगरात ८० ते १०० ठोके हे नेहमीचेच.) हिरडीवर अंगठा दाबून सोडला की पांढरा डाग दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. आणि हिरडी ओली हवी. चिकट किंवा कोरडी लागली तर पाणी बरंच गेलेलं आहे. ताप, न खाणं, जांभळ्या हिरड्या, लिदीत रक्त, पोटशूळ, पाय टाकताना अडखळणं यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नये. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे.

घोड्यासमोर स्वच्छ पाणी सतत हवं. जुलाब होतायत म्हणून पाणी तोडणं ही जीवघेणी समजूत. दोन बादल्या ठेवाव्यात, एकीत साधं पाणी, दुसरीत जनावरांसाठीची क्षार-पावडर घातलेलं. तहानलेला घोडा दोन्ही बादल्यांतून पाणी पितो. फक्त क्षाराची बादली ठेवली आणि चव आवडली नाही, तर तो पाणीच टाळतो. चंदी, गूळ, कोंडा, हरभरा बंद. चांगलं सुकं गवत चालू. शिंगराचं दूध मात्र मालकाने स्वतःहून तोडू नये. त्याच्या अंगात साखरेचा साठा नसल्यासारखाच असतो, काही तासांच्या उपासाने ते गळून पडतं. आतड्याला विश्रांती देण्यासाठी डॉक्टर दूध थांबवतात तेव्हा ते शिरेतून ग्लुकोज देत असतात.

बाटलीने किंवा नळ्याने औषध पाजणं ही गोठ्यातली सवय तबेल्यात आणू नये. मान वर करून ओतलेला काढा, ताक किंवा तेल श्वासनलिकेत गेलं की न्यूमोनिया होतो आणि जुलाबापेक्षा तो बरा करणं अवघड असतं. माणसांच्या जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या आतड्याची हालचाल रोखतात. संसर्ग झालेल्या आतड्यात विष तिथेच साचून राहतं आणि वरवर जुलाब थांबलेला घोडा आतून बिघडत जातो. घरात उरलेलं प्रतिजैविक द्यायचं नाही, हे वर आलंच आहे. आधी कुणी काही दिलं असेल तर ते डॉक्टरपासून लपवू नये. नाव आठवत नसेल तर रिकामं पाकीट दाखवावं.

उपचारात काय होतं?

पाणी भरून काढणं हा उपचाराचा गाभा आहे आणि इथे गणित समजून घेण्यासारखं आहे. ४५० किलोच्या घोड्याच्या अंगातलं पाणी वजनाच्या ८ टक्क्यांनी घटलं असेल तर तूट होते ३६ लिटरची. माणसांच्या दवाखान्यात दिसणारी सलाइनची बाटली अर्ध्या लिटरची असते. म्हणजे नुसती जुनी तूट भरायला ७२ बाटल्या, आणि जुलाब चालू असल्याने रोज जाणारं पाणी वेगळं. झाडाला दोन बाटल्या टांगून ‘सलाइन लावलं’ असं समाधान मिळतं, घोड्याला त्याचा उपयोग नगण्य. मोठ्या पिशव्या मिळत नसतील आणि जठर रिकामं होत असेल, तर डॉक्टर नाकातून नळी घालून एका वेळी सहा-आठ लिटर क्षारयुक्त पाणी थेट जठरात सोडतात, दर काही तासांनी. खर्च कमी आणि गावातही करता येतं. फार कोसळलेल्या घोड्याला आधी तीव्र मिठाचं सलाइन थोड्या प्रमाणात देऊन रक्तदाब सावरतात, मग नेहमीचं.

रक्तातली प्रथिनं घटली तर प्लाझ्मा. विषाचा परिणाम आणि वेदना कमी करायला फ्लुनिक्सिन, पण मोजून, कारण पाणी कमी झालेल्या घोड्याची मूत्रपिंडं त्याने बिघडतात. क्लॉस्ट्रिडियमचं विष शोषून घेणारी विशिष्ट माती तोंडावाटे देतात. खुरांवर आणि त्यांच्या वर घोट्यापर्यंत सतत बर्फ ठेवला तर लॅमिनायटिसची शक्यता घटते. मात्र लक्षणं दिसायच्या आधीपासून आणि दिवसरात्र ठेवला तरच. तासभर बर्फ लावून उपयोग नाही. मोठ्या घोड्यात साल्मोनेला आहे म्हणून सरसकट प्रतिजैविक दिलं जात नाही. क्लॉस्ट्रिडियमसाठी मेट्रोनिडाझोल वापरतात. काही ठिकाणी निरोगी घोड्याच्या लिदीचं पाणी गाळून आजारी घोड्याच्या जठरात सोडतात, म्हणजे उपयोगी सूक्ष्मजीवांची नवी वसाहत रुजते.

बाजारातल्या प्रोबायोटिक पावडरींविषयी सावध राहिलेलं बरं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका अभ्यासात नवजात शिंगरांना जुलाब टाळण्यासाठी असे जिवाणू दिले, तेव्हा ते दिलेल्या गटातच जुलाब जास्त झाले. ‘नैसर्गिक आहे, अपाय तर होणार नाही’ हा युक्तिवाद शिंगराच्या आतड्याला लागू पडत नाही.

महाराष्ट्रात गंभीर घोड्याला हलवायचं झालं तर परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि तिथलं बैलघोडा रुग्णालय हा जुना आधार आहे. महाविद्यालय १८८६ सालचं. घोड्यांवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था हरियाणात हिस्सारला आहे. पण कोसळलेल्या घोड्याला आधी थोडं पाणी-क्षार देऊन सावरल्याशिवाय ट्रकमध्ये चढवू नये. प्रवासाचा ताण त्याला झेपत नाही.

जुलाब थांबल्यावर

आजारी घोड्याची बादली, खरारा, फावडं आणि शक्यतो मोतद्दारही वेगळा हवा. तो एकच माणूस असेल तर त्याने निरोगी घोड्यांचं काम आधी उरकावं, आजारी घोडा शेवटी, आणि नंतर साबणाने कोपरापर्यंत हात धुवावेत. जमिनीवर जंतुनाशक ओतण्याआधी लीद आणि पेंढा पूर्ण काढून जागा साबणाच्या पाण्याने घासावी लागते. लिदीवर ओतलेलं ब्लिचिंगचं पाणी वाया जातं, कारण घाणीत त्याची ताकद संपते. ती लीद ताज्या खताच्या रूपात भाजीच्या वाफ्यात जाऊ नये.

साल्मोनेला झालेला घोडा बरा दिसू लागल्यावरही काही आठवडे लिदीतून जिवाणू सोडत राहतो, आणि तेही रोज नाही, मधूनमधून. एका नमुन्यात जिवाणू सापडले नाहीत म्हणून तो मोकळा झाला असं म्हणता येत नाही. वेगवेगळ्या दिवशी घेतलेले पाच नमुने लागोपाठ स्वच्छ आले की मग पशुवैद्यक त्याला इतर घोड्यांत सोडायची परवानगी देतात. चंदी पुन्हा सुरू करायची ती मूठ-मूठ वाढवत, आठ-दहा दिवसांत. आणि खोगीर चढवायचं ते लिदीचे गोळे बांधून आल्यावर, वजन भरून निघाल्यावर आणि खुरं थंड असताना.